हरणांसाठी चाटण ठेवावे का, आणि त्यावर शिकारीला बसावे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या नैर्ऋत्य विस्कॉन्सिनमधल्या रिचलंड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) एका मराठी कुटुंबाने ४० एकर जमीन घेतली. निम्मी झाडी आहे, निम्मे पडीक कुरण. शेजारच्या शेतकऱ्याने आपुलकीने हरणांना चाटण म्हणून ५० पौंडांचा मीठ-खनिजांचा ठोकळा आणून दिला आणि सांगितले, की ओढ्याकाठी ठेवा, मग शिंगे कशी येतात बघा. मे महिन्यापासून तो ठोकळा तिथे आहे. आता नोव्हेंबरात या गृहस्थांची पहिलीच शिकार. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. याने हरणांना खरेच फायदा होतो का? हे कायद्यात बसते का? आणि तिथेच मचाण बांधून बसणे योग्य का? जोडीला त्यांनी असेही लिहिले आहे, की गोंदियाकडचे सासरे म्हणतात, पूर्वी आपल्याकडेही शिकारी खाऱ्या मातीवरच बसायचे, मग यात वाईट काय?

माझे उत्तर आधीच सांगतो: ठोकळा काढा. तुमच्या काउंटीत तो नियमाविरुद्ध आहे, आणि नियम नसता तरी मी हेच सांगितले असते. पण गावातल्या दुकानात दारातच या पिशव्यांची थप्पी लागलेली असते, प्रत्येक पिशवीवर झाडाच्या फांद्यांसारखी शिंगे असलेला नर छापलेला असतो, त्यामुळे नुसते ‘काढा’ म्हणून तुमचे समाधान होणार नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

मी पेशाने जनावरांचा डॉक्टर. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, पुढचे आयुष्य विस्कॉन्सिनच्या दुभत्या गायींत गेले, आणि दर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जातो. गायींसाठी चाटण विटा आणि खनिज मिश्रण मी पुष्कळ लिहून दिले आहे. वस्तू चांगली आहे. प्रश्न ती कुठे ठेवली जाते याचा आहे.

हरीण चाटणाकडे येते ते सोडियमसाठी, म्हणजे साध्या मिठासाठी. वनस्पतींना सोडियम जवळजवळ लागतच नाही, म्हणून पाल्यात ते फार थोडे असते, आणि समुद्रापासून इतक्या दूर पावसातूनही फारसे येत नाही. त्यात एप्रिल-मेमध्ये फुटलेला कोवळा पाला पाण्याने आणि पोटॅशियमने भरलेला असतो. जास्तीचे पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकताना शरीरातले सोडियमही निघून जाते. नेमक्या याच दिवसांत मादी गाभण असते, मग पाडसाला पाजत असते, आणि नराची शिंगे वाढत असतात. म्हणून चाटणावरची खरी गर्दी वसंतापासून भर उन्हाळ्यापर्यंत असते. लेक सुपीरियरमधल्या आइल रॉयल बेटावर मूस, म्हणजे हरणांच्याच कुळातले भलेमोठे प्राणी, पाण्यात मान बुडवून पाणवनस्पती खातात, त्याचे एक मोठे कारण सोडियमच असल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेले मीठ चाटायला हरणे रस्त्याच्या कडेला येतात तीही याच गरजेने, आणि गाड्यांखाली सापडतात.

ही ओढ फार जुनी आहे. केंटकीत बिग बोन लिक नावाची जागा आहे. तिथल्या खाऱ्या झऱ्यांवर हिमयुगातले हत्तीसारखे मॅस्टोडॉन यायचे, दलदलीत रुतायचे, आणि त्यांची हाडे तिथेच राहायची. १८०७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी ती हाडे गोळा करायला विल्यम क्लार्क यांना तिथे पाठवले होते. इंडियानातले फ्रेंच लिक हे गावही अशाच खाऱ्या जागेच्या नावाने ओळखले जाते. गव्यांसारख्या बायसनच्या कळपांनी या चाटणांकडे जाताना मळलेल्या वाटांवरूनच पुढे माणसांचे रस्ते झाले. तेव्हा हरणाला मीठ हवे असते, यात शंका नाही. शंका पुढच्या दाव्याबद्दल आहे.

पिशवीवर कॅल्शियम, फॉस्फरस, जस्त, सेलेनियम अशी लांबलचक यादी असते आणि तिचा संबंध शिंगांशी जोडलेला असतो. पण हरीण कॅल्शियमसाठी येत नाही. नुसते डायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे बिनमिठाची कॅल्शियम-फॉस्फरसची पूड, ओतून ठेवले तर ते बहुधा हुंगून निघून जाईल. म्हणून प्रत्येक मिश्रणात मीठ घालावेच लागते. तुमच्या शेजाऱ्याने दिला तसा लाल ठोकळा तर ९५ टक्क्यांहून अधिक मीठच असतो. त्याचा लाल रंग येतो लोहाच्या ऑक्साइडमुळे. पिशवी उलटी करा आणि मागचे बारीक अक्षर वाचा. गाईचा खुराक घेताना शेतकरी ते वाचतो, हरणाचा घेताना का कोण जाणे, कोणी वाचत नाही.

शिंगांचेही नीट समजून घ्या. व्हाइटटेल, म्हणजे इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या, नराची शिंगे दर हिवाळ्यात गळतात आणि वसंतात पुन्हा फुटतात. ऑगस्टपर्यंत वाढ पुरी होते, सप्टेंबरच्या सुरुवातीला वरची मखमल निघते. कडक झालेल्या शिंगात सुमारे ४५ टक्के प्रथिने असतात, कॅल्शियम साधारण २२ टक्के आणि फॉस्फरस ११ टक्के. इतके खनिज इतक्या थोड्या महिन्यांत नुसत्या चाऱ्यातून मिळत नाही, म्हणून नर स्वतःच्या बरगड्यांतून आणि इतर हाडांतून ते उसने घेतो आणि नंतर खाण्यातून भरून काढतो. या उसनवारीमुळे कमतरता सहज बाधत नाही. बंदिस्त हरणांना चांगला आहार देऊन वर खनिजे दिली, तेव्हा शिंगांत स्पष्ट फरक दिसला नाही. मोठी शिंगे येतात ती वयाने, वर्षभराच्या खाण्याने आणि वंशाने. साधारण पाच ते सात वर्षांच्या नराची शिंगे सर्वांत भरदार असतात. दीड वर्षाच्या नराला गोळी घालणाऱ्या गावात कितीही विटा ठेवल्या तरी शिंगे दिसणार नाहीत.

आणि तुमची जमीन? ती ड्रिफ्टलेस भागात आहे, जिथून हिमनद्या फिरल्याच नाहीत. खाली चुनखडीसारखा डोलोमाइट, वर वाऱ्याने आणलेली सुपीक माती, भोवती मका, सोयाबीन आणि अल्फाल्फाची शेते. याच भागातली बफेलो काउंटी मोठ्या शिंगांच्या नरांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. कॅल्शियम कमी पडावे अशी ही जागाच नाही. मिठाची थोडी सोय होते, मादीला दुधाच्या दिवसांत ती उपयोगी पडतही असेल, एवढे मी मान्य करतो. त्यापलीकडे ठोकळ्याचा फायदा मुख्यतः माणसाला होतो. हरणे एका ठरावीक जागी येतात, ट्रेल कॅमेऱ्यात दिसतात, आणि दिसली की आनंद होतो. हा आनंद खोटा नाही. पण त्याची किंमत हरणे मोजतात.

ही किंमत म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, इथे सगळे ज्याला सीडब्ल्यूडी म्हणतात तो आजार. १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रात, बंदिस्त हरणांत तो पहिल्यांदा लक्षात आला. नंतर कळले, की हा मेंदू सच्छिद्र करणाऱ्या आजारांपैकी आहे, म्हणजे मेंढ्यांचा स्क्रेपी आणि गायींचा ‘मॅड काऊ’ ज्या कुळातले, त्याच कुळातला. त्याला विषाणू किंवा जिवाणू कारण नाही. प्रायॉन नावाचे चुकीच्या घडीचे प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही तशीच घडी घालत जाते. लागण झाल्यावर हरीण साधारण दीड-दोन वर्षे धडधाकट दिसते. शेवटच्या काही महिन्यांत ते खंगते, लाळ गाळते, अडखळते आणि मरते. औषध नाही, लस नाही, आणि एकही हरीण यातून वाचत नाही.

धडधाकट दिसण्याच्या त्या काळातही लाळेतून, लघवीतून, लेंड्यांतून प्रायॉन बाहेर पडत असतात. आता तुमचा ओढ्याकाठचा ठोकळा डोळ्यांसमोर आणा. एक हरीण येते, जीभ फिरवते, जाते. मग दुसरे त्याच जागी जीभ फिरवते. पावसाने मीठ मातीत उतरते, मग हरणे माती खाऊ लागतात, खुरांनी उकरतात, खड्डा होतो, खड्ड्यात पाणी साचते, त्यातच ती मुततात आणि तेच पितात. चिकणमातीच्या कणांना प्रायॉन घट्ट चिकटून राहतात आणि वर्षानुवर्षे लागण करण्याची ताकद टिकवून धरतात. उन्हाने, थंडीने किंवा नेहमीच्या जंतुनाशकांनी ते नाहीसे होत नाहीत. विस्कॉन्सिनच्याच आजारग्रस्त भागातल्या चाटणांची माती आणि पाणी तपासले गेले. त्यांत प्रायॉन सापडल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. हा अंदाज राहिलेला नाही, तो मातीत मोजला गेला आहे.

मिसिसिपी नदीच्या पूर्वेला हा आजार पहिल्यांदा सापडला तो २००२ मध्ये, तुमच्या नव्या घरापासून फार लांब नसलेल्या भागात. आज रिचलंड, आयोवा आणि सॉक या काउंट्यांच्या काही पट्ट्यांत प्रौढ नरांपैकी निम्म्याच्या आसपास बाधित आढळतात. शिंगांसाठी ज्या नराला पाच वर्षांचा होऊ द्यायचा, तो त्या वयापर्यंत पोचण्याआधी आजाराने जाण्याची शक्यता तिथे वाढलेली आहे. शिंगे वाढावीत म्हणून ठेवलेला ठोकळा शिंगांचे वयच कापतो.

नॉर्वेचे उदाहरण मी इथल्या शेतकऱ्यांना नेहमी सांगतो. २०१६ मध्ये तिथल्या नुर्डफ्येला डोंगरांतल्या रानटी रेनडिअरमध्ये हा आजार सापडला, युरोपात पहिल्यांदाच. त्या भागातला सगळा कळप, म्हणजे दोन हजारांहून अधिक रेनडिअर, सरकारने मारून टाकला, की आजार बाहेर जाऊ नये. त्याच डोंगरांत मेंढपाळ मेंढ्यांसाठी मीठ ठेवायचे आणि रेनडिअरही तिथे जमायचे. त्या जागा धोक्याच्या म्हणून पुढे कुंपणे घातली गेली. मेंढपाळांनी वाईट काहीच केले नव्हते. पाळीव जनावराचे मीठ रानात ठेवले, एवढेच.

मी गायीला चाटण वीट देतो तेव्हा तिच्या कानात बिल्ला असतो, तिची नोंद असते, नवी गाय आली की ती वेगळी बांधली जाते, आजारी पडली की मला बोलावणे येते, आणि गव्हाण धुता येते. हरणांच्या बाबतीत यातले काहीही करता येत नाही. गोठ्यातली वस्तू रानात न्यायची आणि गोठ्याची जबाबदारी मात्र गोठ्यातच सोडायची, हे मला पटत नाही. माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीवर उभे आहे, शिकारीच्या नीतीबद्दलचेही.

माणसांबद्दल विचाराल, तर सीडब्ल्यूडी माणसाला झाल्याचे एकही प्रकरण आजवर सिद्ध झालेले नाही. तरी अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी सांगते, की बाधित भागातले हरीण तपासून घ्या आणि बाधित निघाले तर खाऊ नका. विस्कॉन्सिनमध्ये ही तपासणी मोफत आहे. डोके ठेवायला ठिकठिकाणी पेट्या असतात, त्यातून घशामागच्या लसिका ग्रंथी तपासतात. निकाल येईपर्यंत मांस वेगळी चिठ्ठी लावून फ्रीजरमध्ये ठेवा. घरात लहान मुले आहेत म्हणून हे आग्रहाने सांगतो आहे.

कायद्याचे मी थोडक्यात आटोपतो, कारण तो राज्याराज्यांत वेगळा आहे आणि बदलत राहतो. विस्कॉन्सिनमध्ये ज्या काउंटीत आजाराचे हरीण सापडते तिथे ३ वर्षे, आणि अशा ठिकाणापासून १० मैलांच्या आत येणाऱ्या शेजारच्या काउंटीत २ वर्षे हरणांना खाऊ घालायला व आमिष ठेवायला बंदी असते. नवे बाधित हरीण सापडले की मुदत पुन्हा सुरू होते, त्यामुळे तुमच्याकडे ती उठण्याचे चिन्ह नाही. मीठ आणि खनिजेही यात आली. इलिनॉयमध्ये अशी बंदी राज्यभर आहे. कोलोरॅडोच्या कायद्यात आमिषाच्या व्याख्येतच मीठ आणि खनिज लिहिलेले आहे. पेनसिल्व्हेनियात आमिष उचलल्यानंतरही ३० दिवस ती जागा आमिषाचीच धरतात, आणि ठोकळा दुसऱ्याने ठेवला होता ही सबब चालत नाही. उलट टेक्ससमध्ये खासगी जमिनीवर मक्याचे फीडर लावून शिकार करणे सर्रास आणि कायदेशीर आहे. काही ठिकाणी शुद्ध मिठाला सूट असते, पण त्यात गूळपाक, सफरचंदाचा वास किंवा धान्य मिसळले की ते आमिष ठरते. दुकानदार हे सांगत नाही. तुम्ही दुसऱ्याच्या जमिनीवर पाहुणे म्हणून शिकारीला गेलात तर आधी मालकाला स्पष्ट विचारा: या दोन वर्षांत इथे काही ठेवले होते का? ठोकळा विरघळून गेला तरी मातीतले मीठ उरते आणि हरणे ती जागा विसरत नाहीत.

आता नीतीकडे येतो. यासाठीच तुम्ही मनापासून विचारले आहे असे मला वाटते.

१८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट आणि त्यांच्या मित्रांनी बून अँड क्रॉकेट क्लब स्थापन केला. बाजारासाठी होणाऱ्या कत्तलीने तेव्हा हरणे संपत आली होती. १९०० च्या सुमारास साऱ्या अमेरिकेत व्हाइटटेल जेमतेम पाच लाख उरले असावेत असा अंदाज दिला जातो, आज ते तीन कोटींच्या घरात आहेत. या क्लबने ‘फेअर चेस’ची कल्पना रुजवली. प्राणी रानात मोकळा असावा, आणि शिकाऱ्याने त्याच्यावर गैरवाजवी फायदा घेऊ नये. गैरवाजवी म्हणजे नेमके काय, यावर तेव्हापासून वाद चालू आहे, आणि तो चालू राहावा असेच मला वाटते. दुर्बीण लावलेली रायफलही फायदाच आहे. झाडावरचे मचाणही फायदाच आहे.

आमिषाच्या बाजूने बोलणारे सगळे आळशी असतात असे नाही. त्यांचा एक मुद्दा मी गंभीरपणे घेतो. आमिषावरचे हरीण जवळ असते, स्थिर उभे असते, आडवे उभे असते, म्हणून गोळी किंवा बाण फुप्फुसांत नेमका लागतो आणि जखमी होऊन पळालेले हरीण रात्रभर तडफडत नाही. बारा वर्षांच्या मुलीला पहिल्या शिकारीला नेताना, किंवा चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला बसवताना, याला अर्थ आहे. ज्या राज्यात आजार नाही आणि कायदा परवानगी देतो, तिथे मक्याजवळ बसलेल्या माणसाला मी वाईट शिकारी म्हणणार नाही. टेक्ससच्या दाट काटेरी झुडपांत दुसऱ्या कुठल्या मार्गाने हरीण दिसणे कठीण असते, हेही खरे.

मिठाच्या चाटणाचे मात्र मी वेगळे धरतो. ओकची बोंडे पडतात तेव्हा हरणाला जावेसे वाटले तर शंभर झाडे असतात. वारा कुठला, वाट कुठली, कधी जायचे, सगळे त्याच्या हातात असते. शिकाऱ्याला त्याच्या सवयी शिकाव्या लागतात, वाऱ्याचा अंदाज घ्यावा लागतो, आणि बहुतेक दिवस रिकाम्या हाताने परतावे लागते. शरीराला हवे असलेले मीठ एकाच जागी ठेवले, की हरणाची ही निवड जाते. ते येते ते शरीराच्या तगाद्याने. त्याच्या नाकाकानांशी, सावधपणाशी जी बरोबरी करायची, ती आपण त्याच्या शरीरातल्या उणिवेला हात घालून टाळतो. इथे मला गैरवाजवी फायदा स्पष्ट दिसतो.

यात एक व्यवहाराची गोष्टही आहे, जी पिशवीवर लिहिलेली नसते. नोव्हेंबरात चाटण तसे निरुपयोगीच असते. सोडियमची ओढ उन्हाळ्याची. शरद ऋतूत चाटणावरच्या फेऱ्या घटतात, माजावर आलेला नर माद्यांच्या मागे मैलोगणती फिरत असतो, आणि जुना शहाणा नर माणसाचा वास लागलेल्या जागी आला तर अंधारातच येतो. म्हणजे आजाराचा धोका सगळा पत्करायचा आणि नऊ दिवसांच्या बंदुकीच्या हंगामात त्या मचाणावर बहुधा मोकळेच बसायचे.

मग क्लोव्हर, म्हणजे चाऱ्याचे पीक, पेरून त्याच्या कडेला बसणे हे आमिष नाही का, असे तुम्ही विचाराल. विचारायलाच हवे. एकरभर पसरलेल्या क्लोव्हरमध्ये हरणे फिरत चरतात, एकाच इंचावर जिभा लावत नाहीत, आणि कायदाही त्याला शेतीच समजतो. पण मचाणासमोर बंदुकीच्या टप्प्यात अंगणाएवढा तुकडा पेरायचा आणि त्याला शेती म्हणायचे, हे मला पळवाट वाटते. रेघ पुसट आहे. ती आपली आपण ओढावी लागते, आणि ओढताना स्वतःशी खरे बोलावे लागते.

शेजाऱ्याची नीती वेगळीच. हरीण तुमच्या चाळीस एकरांत मावत नाही. तुमच्या चाटणावर लागण झालेले हरीण पाच शेजाऱ्यांच्या झाडीत फिरते. बांधाला लागून ठोकळा ठेवून शेजारच्या जमिनीवरची हरणे ओढणे हा तर सरळ सरळ वाटमारीचा प्रकार आहे, मग कायदा काहीही म्हणो. आणि सार्वजनिक जमिनीवर कोणी ठोकळा नेऊन ठेवताना दिसला तर वॉर्डनला, म्हणजे शिकारीचे नियम राखणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवा.

आता सासऱ्यांचे. त्यांचे म्हणणे खरे आहे, जुने शिकारी खाऱ्या मातीवर आणि पाणवठ्यावर बसत. पण त्यांना हेही सांगा, की आपल्या देशाने ते अनिष्ट मानले होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवान्याने शिकारीची सोय होती, आणि तेव्हासुद्धा कलम १७ मध्ये चाटणावर, पाणवठ्यावर आणि तिथे जाणाऱ्या वाटेवर वन्यप्राणी मारायला मनाई होती. अपवाद होता तो भट तितर आणि पाणपक्ष्यांचा. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची ती सगळी कलमेच गेली, कारण शिकारच बंद झाली. आज त्या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत आमिष लावणे आणि तसा प्रयत्न करणेही येते. म्हणून गोंदियात किंवा चंद्रपुरात शेताच्या कडेला चितळासाठी मीठ टाकून कोणी दबा धरत असेल, तर गोळी सुटण्याआधीच गुन्हा झालेला असतो. वनखाते काही अभयारण्यांत कृत्रिम चाटणे ठेवते ती गोष्ट निराळी. तिथे बंदूक नसते. तरी माझे मत असे, की गावची गुरे आणि चितळ-सांबर एकाच चाटणावर येत असतील तर तिथेही विचार व्हावा. लाळ्या-खुरकूत काय करते ते मी परळला शिकत असताना जवळून पाहिले आहे.

तुमच्या जमिनीपुरते आता काय करायचे?

ठोकळा जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून कचऱ्यात द्या. ओढ्यात फेकू नका, दुसऱ्या कोणाला देऊ नका. खालची माती उकरून दुसरीकडे मुळीच नेऊ नका. प्रायॉन असलेच तर तुम्ही ते पसरवाल. खड्डा स्वच्छ मातीने बुजवा आणि भोवती गुरांसाठी मिळणाऱ्या जाळीच्या तयार पट्ट्यांचे कुंपण घाला, हरणाची मान आत जाणार नाही असे. निदान काही वर्षे ते राहू द्या. मचाण त्या जागेपासून दूर, जमिनीच्या दुसऱ्या टोकाला बांधा. आणि हंगामाआधी वॉर्डनला स्वतःहून फोन करा: मे महिन्यात अजाणता ठोकळा ठेवला होता, आता काढला आहे, या जमिनीवर शिकार कधी आणि कुठे करता येईल? विचारायला आलेल्या माणसाशी आणि पकडलेल्या माणसाशी ते सारखे बोलत नाहीत.

ज्या उमेदीने तुम्ही ठोकळा ठेवलात ती उमेद जमिनीत घाला. विद्यापीठाच्या विस्तार केंद्राकडून मातीची तपासणी करून घ्या. आम्लता असेल तर कुरणात शेतीचा चुना टाका. त्याने सगळ्या वनस्पतींमधून कॅल्शियम जाते, आणि ते पसरून जाते. झाडीत जिथे वरचे छत गच्च झाले आहे तिथे वनअधिकाऱ्याच्या सल्ल्याने निरुपयोगी झाडे काढून ओकवर ऊन पडू द्या. जमिनीलगत कोवळे फुटवे येतील, आणि हरणाच्या वर्षभराच्या खाण्यात त्यांचा वाटा कुठल्याही पिशवीपेक्षा मोठा असतो. पडीक कुरणातला थोडा भाग तसाच वाढू द्या, पाडसांना लपायला. आणि माद्यांची शिकार करा. शिंगांच्या मागे लागलेले लोक हे टाळतात, पण खाणारी तोंडे कमी झाली की उरलेल्यांना पोटभर मिळते, आणि दाटी कमी झाली की आजारालाही आवर बसतो. पहिल्या वर्षी मादीवरच समाधान माना. मांसही जास्त कोवळे असते, खिमा तर उत्तम होतो.

शेजाऱ्याशी कसे बोलायचे, हाही तुमचा प्रश्न असणार. त्याने ठोकळा प्रेमाने दिला आहे, तेव्हा कायद्याची पुस्तिका घेऊन त्याच्या दारात जाऊ नका. त्याच्याकडे गायी असतील तर बोलणे सोपे आहे. बाहेरून आणलेली गाय तपासल्याशिवाय तो स्वतःच्या गायींत सोडेल का, एवढेच विचारा. मग त्याच्या स्वतःच्या चाटणाबद्दल बोला, आणि या हंगामात दोघांनी मारलेल्या हरणांची डोकी एकत्रच तपासणीच्या पेटीपर्यंत नेऊ असे सुचवा. निकाल दोन आठवड्यांच्या आसपास येतात. त्याच्या हरणाचा निकाल बाधित आला, तर पुढच्या वसंतात तो ठोकळा विकत घेण्याआधी नक्की थांबेल.